सबुरी आणि तवक्कुल : संकटकाळातील इस्लामी श्रद्धेचा अर्थ



मराठी माणसाच्या तोंडी नित्य येणारे काही शब्द किती दूरच्या मुलखातून चालत आले, याची त्याला सहसा आठवण नसते. ‘सबुरी’ हा असाच एक शब्द. अरबीतील ‘सब्र’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि असा रुळला की, शिर्डीच्या साईबाबांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या ‘श्रद्धा आणि सबुरी’ या जोडीतील एक शब्द संस्कृतचा व दुसरा अरबीचा आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. नशीब, तकदीर, मर्जी, इमान हे शब्दही त्याच घराण्यातले. खानापूर तालुक्यातील नंदगडच्या परिसरात मराठी, कानडी आणि दख्खनी उर्दू शेजारी शेजारी नांदतात. तेथे हे शब्द कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तथापि शब्द घरात आला म्हणजे त्यामागचा विचारही आला, असे होतेच असे नाही. संकटात ईश्वरी योजनेवर विश्वास ठेवावा, असे इस्लाम सांगतो. या सांगण्याचा नेमका अर्थ काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या विचाराला इस्लामी परंपरेत ‘तवक्कुल’ असे नाव आहे. ज्या धातूपासून हा शब्द झाला, त्याच धातूपासून ‘वकील’ हा शब्दही झाला आहे. ‘अल्-वकील’ हे ईश्वराचे एक नाव मानले जाते. तवक्कुल म्हणजे आपले प्रकरण त्या वकिलाच्या हाती सोपविणे. परंतु वकीलपत्रावर सही केली म्हणून पक्षकार घरी झोपून राहत नाही. कागदपत्रे त्यालाच आणावी लागतात, तारखेला हजरही त्यालाच राहावे लागते. निकाल मात्र त्याच्या हाती नसतो. प्रयत्न माणसाचा व निकाल ईश्वराचा, ही विभागणी ध्यानात घेतली म्हणजे तवक्कुल आणि निष्क्रिय दैववाद यांतील अंतर स्पष्ट होते. एका बदूने पैगंबरांना विचारले की, उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहातील ही कथा इस्लामी जगात सर्वतोमुखी आहे.

सबुरीचाही असाच एक विपर्यास होतो. धीर धरणे म्हणजे दुःख न होणे, असे समजले जाते. कुराणाची १२ वी सूरा यूसुफच्या कथेला वाहिलेली आहे. भावांनी यूसुफला विहिरीत टाकल्यावर वृद्ध पिता याकूब सुंदर धीर धरण्याचा निश्चय करतो. पण तोच याकूब पुत्रशोकाने रडून रडून दृष्टी गमावतो. कुराणाने या दोन गोष्टींत विरोध मानलेला नाही. याकूब आपले गाऱ्हाणे ईश्वरापाशीच मांडतो आणि उरलेल्या मुलांना यूसुफचा शोध घ्यायलाही पाठवितो. अश्रू, प्रार्थना आणि शोध ही तिन्ही त्या सबुरीची अंगे आहेत.

खुद्द पैगंबरांचे चरित्र याला साक्षी आहे. इ. स. ६१९ च्या सुमारास पत्नी खदीजा आणि पाठीराखे चुलते अबू तालिब हे दोघेही थोड्याच अंतराने निवर्तले. इतिहासकारांनी त्या वर्षाला ‘दुःखाचे वर्ष’ असेच नाव दिले. आश्रयाच्या आशेने ते ताइफला गेले, तर तेथील पोरासोरांनी दगड मारून त्यांना रक्तबंबाळ केले. पुढे मदीनेत इब्राहीम हा तान्हा मुलगा गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी सांगितले की, हे अश्रू दयेचे आहेत. डोळे रडतात, मन व्यथित होते, मात्र ईश्वर नाराज होईल असे काही मुखातून निघणार नाही. ज्या घरातून लहान मूल गेले, त्या घराला याहून अधिक काही सांगणे कोणत्याही धर्माला कठीण आहे.

तथापि या विचाराची खरी कसोटी साथीच्या रोगात लागली. हिजरी सनाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस, इ. स. ६३९ च्या आगेमागे, शाम प्रांतात भयंकर साथ पसरली. अमवासची साथ म्हणून ती प्रसिद्ध आहे. खलिफा उमर त्या प्रांताकडे निघाले असता सर्घ या ठिकाणी त्यांना ही वार्ता कळली. त्यांनी जाणत्यांचा सल्ला घेतला, मते दुभंगली. अखेर कुरेश वंशातील वृद्धांनी परत फिरण्याचा एकमुखी सल्ला दिला व उमरांनी तो मानला. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले की, हे ईश्वरी योजनेपासून पळणे नव्हे काय? उमरांच्या उत्तराचा आशय असा की, आपण एका ईश्वरी योजनेकडून दुसऱ्या ईश्वरी योजनेकडेच जात आहोत. खोऱ्याची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड असली, तर गुराखी उंट कुठेही चारो, चारणे ईश्वरी योजनेनेच होते. पण शहाणा गुराखी हिरवी बाजू निवडतो. मागाहून अब्दुर्रहमान बिन औफ यांनी पैगंबरांचा आदेश सांगितला : साथ असलेल्या गावी जाऊ नये आणि आपल्या गावी साथ आली तर तेथून पळू नये.

या कथेचा शेवट मात्र सोपा नाही. अबू उबैदा आपल्या सैन्याला सोडून आले नाहीत आणि त्याच साथीत मरण पावले. पुढे अम्र बिन अल्-आस यांनी लोकांना डोंगरांत पांगविले, तेव्हा साथ ओसरली. परत फिरणारे उमर श्रद्धाहीन ठरले नाहीत आणि मागे राहिलेले अबू उबैदा अविचारी ठरले नाहीत. दोघांनीही आपापल्या कर्तव्याची जागा ओळखली होती.

साडेबारा शतकांनंतर हाच प्रश्न मुंबई इलाख्याच्या दारी आला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत त्याच इलाख्यात होता. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. १८९८ मध्ये हुबळी-धारवाडात प्लेगने हाहाकार माजविला. गावे ओस पडली, माणसे शिवारात झोपड्या घालून राहिली. सक्तीच्या तपासणीमुळे सरकारविषयी चीड होती, आणि लस टोचून घेण्याची भीतीही सर्व जातिधर्मांत होती. वाल्डेमार हाफकीन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. अशा वेळी विशीतले तिसरे आगाखान, इस्माइली पंथाचे इमाम, पुढे झाले. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, हाफकीन यांच्या कार्यासाठी आपली वास्तू दिली, आणि त्यांच्यामागून हजारो खोजांनी टोचून घेतले. सर्घ येथे उमरांनी जे केले, त्याचाच हा नवा आविष्कार म्हणावा लागेल. २०२० साली कोविडच्या साथीत हज यात्रा मोजक्याच यात्रेकरूंपुरती मर्यादित करण्यात आली, तेव्हाही तोच जुना आदेश आठवला गेला.

मराठी वाङ्मयाला या विचाराचा परिचय शेख महंमदांमुळे फार पूर्वी झाला. श्रीगोंद्याचे हे संत सूफी परंपरेत वाढले, चांद बोधले यांचे शिष्य झाले आणि त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या परंपरेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. विनोबांनी मूळ अरबीतून अभ्यास करून कुराणाचे सार सिद्ध केले. दुष्काळात पत्नी गमावून विठ्ठलावरची निष्ठा न सोडणाऱ्या तुकोबांच्या वाचकाला सबुरीचा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही.

नंदगडच्या मातीलाही तो परका नाही. २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णांना येथे फाशी देण्यात आले. आज त्यांच्या समाधीपाशी मूल व्हावे म्हणून जोडपी नवस करतात व झाडाला छोटे पाळणे बांधतात. या भागात मोहरमच्या पंज्यांपुढे हिंदूही नमतात आणि इ. स. ६८० मधील करबल्याची कथा कानडी रिवायतींतून गायिली जाते. तहानेल्या मुलाबाळांसह वेढले गेलेल्या हुसेनांना त्या रणांगणावर विजय मिळाला नाही. ईश्वरी योजना आपल्या डोळ्यांदेखत सुफळ होईलच, असे आश्वासन इस्लाम देत नाही. अन्यायापुढे मान न तुकविणे एवढेच माणसाच्या हाती असते, असे करबला सांगते.

म्हणून दुःखात असलेल्या शेजाऱ्याला ‘सबर कर’ म्हणताना जीभ जरा जपून वापरावी. तो सल्ला आपली सुटका करून घेण्यासाठी दिला, तर तो कठोरपणा होतो. वैद्याला बोलावून, घरात दोन भाकरी पोहोचवून, रात्र उशाशी बसून काढून मग तोच शब्द उच्चारला, तर त्याला अर्थ येतो. उंट बांधायला शेजाऱ्याला हात द्यावा. भरवसा कोणावर ठेवायचा, हे त्याचे मन जाणते.