हिऱ्याचा रंग: जन्माचा की मागाहूनचा?

सोन्याला कसोटी आहे. हिऱ्याच्या रंगाला कोणती? तर्कशास्त्राच्या तासाला एका सराफाच्या मुलाने हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. घरी पुस्तके चाळली तेव्हा ध्यानात आले की, प्रश्न माझ्याच विषयातला आहे.

१९०४ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने हिरे रेडियमच्या क्षारात पुरून ठेवले. ते हिरवे झाले खरे, पण स्वतःच किरणोत्सारी बनले. अंधारात फोटोच्या काचेवर ठेवले की आपली चहाडी आपणच करीत! पुढे सायक्लोट्रॉन आले. त्यातल्या कणांचा मारा हिऱ्याच्या टोकाकडून केला, तर रंग तिथेच साचतो आणि वरून पाहणाऱ्याला उघडलेल्या छत्रीसारखी आकृती दिसते. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी रंग आरपार नेला; छत्रीही गेली.

पिवळ्या हिऱ्याची गोष्ट अधिक मौजेची. माऱ्यानंतर तापवलेला हिरा पिवळा होतो. १९५६ साली रॉबर्ट क्राउनिंगशील्ड या अमेरिकन पारख्याला अशा हिऱ्याच्या वर्णपटात, पिवळ्या-नारिंगीच्या सीमेवर, एक बारीक काळी रेघ आढळली. पारख्यांना धूर सापडला! १९७१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात विकलेला १०४.५२ कॅरटचा ‘डीपडीन’ हिरा नंतरच्या तपासणीत रंगवलेला ठरला आणि सौदा मोडला.

पण श्रोतेहो, धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येते का? आपल्या नैयायिकांनी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देऊन ठेवला आहे: अग्नी आहे, धूर नाही. इथेही तेच. हिरा सुमारे १००० अंशांपर्यंत तापवला की ती रेघ पुसली जाते. मात्र पुसणाऱ्याचा हातही उमटतो: डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात नव्या रेघा उठतात.

निळ्याचे थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टनच्या ‘होप’ हिऱ्याची निळाई बोरॉनची, आणि असा हिरा वीज वाहून नेतो. माऱ्याने निळा केलेला नेत नाही. तरी वीज वाहिली एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, कारण कारखान्यात बनवलेला बोरॉनचा हिराही वीज वाहतो.

खरी पंचाईत हिरव्याची. खाणीत युरेनियमयुक्त खडकाशेजारी पडलेल्या हिऱ्यावर निसर्ग तोच मारा लाखो वर्षे करतो. साधन एकच, मग खूण वेगळी कुठून उमटणार? ड्रेस्डेनचा सुमारे ४१ कॅरटचा हिरवा हिरा निःसंशय अस्सल, कारण तो अठराव्या शतकापासून तिथल्या राजखजिन्यात आहे आणि रेडियमचा शोध १८९८ चा! तिथे साक्ष दप्तराची. ज्याला दप्तर नाही, अशा कित्येक हिऱ्यांच्या दाखल्यावर प्रयोगशाळा प्रामाणिकपणे लिहिते: रंगाचे मूळ ठरवता आले नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, “सर, मग त्याचा भाव काय सांगायचा?”

मी म्हटले, “ते वडिलांना विचार.”

“वडील म्हणतील, दाखला आधी दाखव, भाव मग बोल.”