आरोप कोणी ठेवावा?



‘ग्रँड ज्यूरी’ हा विषय मी कळविला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, “आदिलाबादेत या पाहुणीचे काय काम?” प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि ही संस्था त्या राज्यात कधी आली नाही. तरीही जन्मभर इथल्या कोर्टात वकिली केल्यावर मला असे वाटू लागले आहे की, जी गोष्ट आपल्याकडे कधी नव्हती तिची उणीव कुठे जाणवते, हे आपणच नीट सांगू शकू.

ज्यूरी म्हटले की आपल्याला १९०८ सालचा लोकमान्यांचा खटला आठवतो. नऊ ज्यूरर, त्यांतील सात विरुद्ध, दोन बाजूने, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. नाहीतर १९५९ सालचा नानावटी खटला आठवतो. ती झाली धाकटी ज्यूरी. आरोपी दोषी की निर्दोष, हे ती ठरवी. थोरल्या ज्यूरीचे काम त्याच्या अगोदरचे होते. या माणसाला खटल्याच्या पिंजऱ्यात उभे करण्याइतका पुरावा आहे काय, एवढाच प्रश्न तिच्यापुढे असे. इंग्लंडात तिचे मूळ ११६६ सालच्या राजाज्ञेपर्यंत नेतात. जास्तीत जास्त तेवीस नागरिक बंद दाराआड फिर्यादीचे साक्षीदार ऐकत. निदान बारा जणांचे एकमत झाले तर आरोपपत्रावर ‘खरे’ असा शेरा पडे. न झाले तर माणूस घरी जाई.

मुंबईत ही संस्था होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८०४ ते १८११ या काळात तेथे सर जेम्स मॅकिंटॉश रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, होते. ग्रंथालयाच्या मंडपात त्यांचे नाव घेताना विशेष आनंद होतो. १८०४ साली त्यांनीच मुंबईत ती साहित्यसभा स्थापिली, जिच्यातून पुढे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय उभे राहिले. सत्र सुरू होताना न्यायाधीशाने ग्रँड ज्यूरीपुढे भाषण करण्याची रीत होती. १८११ च्या निरोपाच्या भाषणात मॅकिंटॉश यांनी ज्यूररांना सांगितले की, आपल्या कारकीर्दीत या कोर्टाने एकालाही फासावर चढविले नाही, आणि तेवढ्याने बेटावरील गुन्हे वाढलेही नाहीत. राज्यकर्त्या जमातीचा न्यायाधीश आपल्या कारभाराचा हिशेब नागरिकांपुढे मांडतो, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते.

मात्र हे ‘नागरिक’ कोण होते? गोरे व्यापारी आणि पेढीवाले. १८२६ च्या कायद्याने हिंदू-मुसलमानांना धाकट्या ज्यूरीत बसण्याची मुभा दिली. पण आरोपी ख्रिस्ती असेल तर नाही, आणि थोरल्या ज्यूरीत तर मुळीच नाही. ख्रिस्ती माणसाने हिंदूवर आरोप ठेवावा, हिंदूने मात्र कोणावरच ठेवू नये, असा तो न्याय. कलकत्त्यास राममोहन रॉय यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, मुंबईतूनही अर्ज गेले, आणि १८३२ साली पार्लमेंटने ही अट काढून टाकली. त्यानंतर दोनच वर्षांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई ‘जस्टिस ऑफ द पीस’ झाले. आपल्या लोकांनी मताच्या हक्काच्या कितीतरी अगोदर आरोप ठेवण्याचा हक्क मागितला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हक्क मिळाला, पण संस्था फार काळ टिकली नाही. हायकोर्ट १८६२ साली आले आणि १८६५ च्या कायद्याने ग्रँड ज्यूरी गेली. मॅजिस्ट्रेट प्राथमिक चौकशी करीतच असत, मग तेच काम दुसऱ्यांदा कशाला, असा युक्तिवाद होता आणि तो चुकीचाही नव्हता. इंग्लंडनेही १९३३ साली त्याच कारणाने ती जवळपास मोडीत काढली. अमेरिकेत ती १७९१ पासून घटनेतच आहे. पण तेथील सरकारी वकील मागेल तो आरोप ती बहुधा देते, आणि पोलिसाच्या गोळीचा प्रश्न आला की, २०१४ साली फर्ग्युसन येथे झाले तसे, तिच्या बंद दाराविषयीच लोक शंका घेतात. तेव्हा ती परत आणा, असे सांगायला मी उभा नाही.

माझे म्हणणे पुढच्या इतिहासाविषयी आहे. ग्रँड ज्यूरी गेली तेव्हा तिच्या जागी निदान मॅजिस्ट्रेटची चौकशी होती. मॅजिस्ट्रेट साक्षीदार तपासी आणि मगच खटला सेशन्सकडे पाठवी. १९७३ च्या संहितेने तीही चौकशी काढली. हेतू चांगला होता, विलंब टाळण्याचा. तेव्हापासून पोलिसांचे आरोपपत्र आणि सेशन्स कोर्ट यांच्यामध्ये मॅजिस्ट्रेट केवळ कागद पुढे पाठवितो. आरोप निश्चित करताना न्यायाधीशाने निव्वळ टपाल कचेरीसारखे वागू नये, पुरावा थोडा चाळून पाहावा, असे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली सांगितले. परंतु तिथवर पोहोचेपर्यंत गरीब आरोपीचे तुरुंगात किती दिवस जातात, हे वकिलाला विचारावे. देशातील तुरुंगांत आज सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात कोमराम भीम पडले. त्यानंतर सरकारने हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करावयास सांगितले. त्यांच्या प्रयत्नाने जमिनीचे पट्टे मिळाले, शाळा निघाल्या, केस्लापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. पुढे २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, नागरी स्वातंत्र्याच्या संघटनांचा त्याहून कितीतरी अधिक. तेथील स्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे.

या दोन्ही प्रसंगी गोळी झाडणाऱ्यावर आरोप ठेवण्यासारखा पुरावा आहे की नाही, हे गावच्या चारचौघांनी ठरवावे अशी जागा कायद्यात नव्हती. १९८१ साली लागू असलेल्या संहितेच्या १३२ व्या कलमानुसार जमाव पांगविणाऱ्या पोलिसावर फिर्याद करावयाची तर आधी सरकारची मंजुरी हवी. जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही ती तरतूद १५१ व्या कलमात कायम आहे. आरोप ठेवायचा की नाही, याचे दार सरकारच्याच हाती राहिले.

जपानने यातून एक वाट काढली आहे. सरकारी वकिलाने खटला न भरण्याचे ठरविले तर मतदारयादीतून चिठ्ठीने निवडलेले अकरा नागरिक तो निर्णय तपासतात. ही मंडळे १९४८ पासून आहेत, आणि २००९ पासून त्यांच्यापैकी आठ जणांनी दोनदा ‘खटला भरा’ म्हटले की तो भरावाच लागतो. आरोपीला छळापासून वाचविण्यापेक्षा बळी पडलेल्याला दाद मिळवून देण्यासाठी योजलेली ही थोरली ज्यूरी होय. इंद्रवेल्लीच्या संदर्भात मला तिचे महत्त्व वाटते.

आपल्या भाषेत ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दख्खनच्या पंचायतीची बाजू उचलून धरली होती. गोंडांच्या गावी पाटला आणि पंच आजही बसतात. फौजदारी कायद्यात मात्र ‘पंच’ हा शब्द एकाच ठिकाणी ठळकपणे उरला आहे, तो म्हणजे पंचनामा. तपास पोलिसांचा, मजकूर पोलिसांचा, पंचाने खाली सही करावयाची. गोंडी बोलणारा माणूस, तेलुगूत लिहिलेला कागद, आणि कोर्टात त्यावर इंग्रजीत वाद! उलटतपासणीत अशा पंचाला मी कितीदा विचारले असेल, “कागदावर काय लिहिले होते?” उत्तर बहुधा एकच येई, “बोलावलं म्हणून गेलो, अंगठा दिला.” आता झडती-जप्तीचे चित्रीकरण करण्याचे बंधन नव्या संहितेने घातले आहे. यापुढे तो अंगठा देताना मोबाईलवर दिसेल.