बदकाची निर्लेपता

श्रोतेहो, आपल्या भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट; गोडे पाणी म्हणजे पावसाने तलावांत आणि शेततळ्यांत ठेवलेली अनामत. अशा एखाद्या तलावाकाठी घटकाभर निश्चल बसावे, म्हणजे काळ्या चोचीच्या टोकाशी पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका मिरवणारे हळदीकुंकू बदक दृष्टीस पडते. मान चिखलात, शेपटी आकाशाकडे, आणि वर आले की अंग कोरडे! गीतेच्या पाचव्या अध्यायात अलिप्त कर्मयोग्याला कमलपत्राची उपमा दिली आहे. तिचा अधिक्षेप न करता माझे निवेदन असे की, तो मान बदकालाही मिळावा, कारण पानाला निर्लेपता उपजत लाभते, बदकाला ती रोज मिळवावी लागते.

पुष्कळांची समजूत अशी की, बदकाच्या अंगाला तेल असते म्हणून पाणी लागत नाही. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते खरी. परंतु आजी नातीला पुढ्यात घेऊन नुसते तेल थापत नाही, गुंता सोडवते, फणी फिरवते, आणि नात खेळून आली की पुन्हा तेच करते. बदकाच्या ठायी आजी आणि नात एकच. चोच ही फणी. पिसाच्या सूक्ष्म तंतूंना आकडे असतात. ते विंचरून एकमेकांत अडकले, त्यांत हवा कोंडली, म्हणजेच पाणी बाहेर राहते. तेलाने पीस मऊ राहते. पुन्हा सांगतो, तेल साहाय्यक. मुख्य काम विंचरण्याचे.

म्हणूनच मला राग येतो तो कपाशीवर फवारणी झाल्यावर पंप तळ्यात खंगाळणाऱ्यांचा, पाण्याकाठी इंजिन धुणाऱ्यांचा. डिझेलचा तवंग पिसांना लागला की तंतू चिकटतात, हवा निघून जाते, पाणी थेट कातडीला भिडते, आणि पाखरू थंडीने काकडते. मग आजीने कितीही फणी फिरवावी! बाबांनो, विषाचे ते पाणी तुमची गुरेही पितात.

बदकाच्या झोपेचा विषय राहिलाच. मॅलार्ड जातीच्या बदकांवरील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, रांगेच्या कडेचे बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून, मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपते. जागृती आणि सुषुप्ती एकाच मस्तकात शेजारी नांदतात, याचा विचार आमच्या वेदान्त्यांनी अवश्य करावा. मला दिलेली मिनिटे मात्र सरली. तेवढा पंप तळ्यात बुडवू नका.