म्हैसूरची बँक

म्हैसूर शहरात कृष्णराज चौकातून उत्तरेकडे निघालो, की ज्या रस्त्याने आपण जातो त्याचे नाव सयाजीराव रस्ता. नाव आपल्या ओळखीचे, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे. या रस्त्यालगतच मंडी मोहल्ला आहे. मंडी म्हणजे घाऊक पेठ. तेथे एका वृद्ध व्यापाऱ्याच्या गादीवर बसलो असता त्यांनी कापडात गुंडाळलेले एक जुने पासबुक मला दाखविले. त्यावर नाव होते स्टेट बँक ऑफ म्हैसूर. आता या नावाची बँक नाही. मग हे पुस्तक का जपता, असे मी विचारले. ते म्हणाले, "वडिलांना पहिले कर्ज ह्या नावाने दिले."

या एका वाक्यात बँकेचा सारा इतिहास सामावलेला आहे. नाणे टाकसाळीत पडते. पत मात्र माणसामाणसांत निर्माण व्हावी लागते. सयाजीराव महाराजांनी हे ओळखून 1908 साली बँक ऑफ बडोदा स्थापिली. पुढे पाचच वर्षांनी, 1913 साली, महाराज कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाखाली बँक ऑफ म्हैसूर निघाली. तिच्यामागे सर विश्वेश्वरय्यांची प्रेरणा होती. धरणे आणि कारखाने उभारू पाहणाऱ्या या अभियंत्याला संस्थानातील विखुरलेली बचत एकत्र करणारी पेढीही तितकीच आवश्यक वाटली.

परंतु शहरांत बँका वाढल्या, तरी खेड्यांत सावकारच राहिला. गोरवाला समितीच्या पाहणीत 1951-52 साली असे आढळले, की शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा एक रुपयाही भरत नव्हता. या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. तिच्या शिफारशीप्रमाणे 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. ही इंपीरियल बँक तरी काय होती? कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका 1921 साली एकत्र येऊन ती झाली होती. 1959 च्या कायद्यानंतर, 1960 साली, म्हैसूरची बँकही स्टेट बँकेची उपबँक झाली. आणि 1 एप्रिल 2017 रोजी, आपल्या इतर भगिनी बँकांसह, ती स्टेट बँकेत विलीन झाली.

नद्या समुद्राला मिळाव्यात तसे हे झाले, असे म्हणून आपण समाधान मानू शकतो. मोठ्या बँकेच्या अंगी मोठे बळ असते. एखाद्या वर्षी पाऊस चुकला, एखादी पेठ बसली, तरी ती डगमगत नाही. एकाच प्रांतावर विसंबलेल्या बँकेला हे सुख नसते. हे मी मान्य करतो. पण मंडीतल्या व्यापाऱ्याचा ताळेबंद कागदावर दिसतो तेवढाच नसतो. कोणाचा शब्द पक्का, कोणाचा माल वेळेवर येतो, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, ही माहिती कोणत्याही तक्त्यात बसत नाही. ती शेजारी राहणाऱ्यालाच असते. ज्याच्याजवळ तारण नाही पण नाव आहे, अशा माणसाला तीच माहिती कर्ज मिळवून देते. ती हरवली, तर तो पुन्हा सावकाराच्या दारी जातो.

म्हणून बँकेची वाढ मोजताना शाखांची आणि ठेवींची गणती जरूर करावी. पण त्याबरोबरच एक प्रश्न विचारावा, की या वर्षी पहिले कर्ज किती जणांस मिळाले? बंगळूरच्या एका चौकाला लोक आजही म्हैसूर बँक सर्कल म्हणतात. पाटी बदलते, ओळख राहते. ती ओळख आपल्या नव्या बँकांनी ठेवीप्रमाणेच सांभाळावी, कारण ती त्यांच्याकडे लोकांनी विश्वासाने ठेवलेली आहे.