बॉनेट उघडं ठेवून या
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुन्या गाड्यांचं वेड असलेली दोन माणसं भेटली की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. पण ती स्वतःच्या तब्येतीची नसते. "कशी आहे?" "बरी आहे. सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही एवढंच." "आणि पाणी?" "पाणी जास्त पिते हल्ली." शेजारी बसलेल्या पाहुण्याला वाटतं, घरातल्या म्हाताऱ्या आजीविषयी चाललंय. आमच्या बायकांना मात्र हे सारं पाठ आहे. आमची ही तर म्हणते, माझ्या गुडघ्यांची एवढी विचारपूस कधी झाली नाही.

आम्ही असे अकराजण आहोत. मी खर्ड्याचा, जामखेड तालुक्यातला. बाकीचे जामखेड, भूम, पाटोदा, कर्जत आणि नगर अशा गावांचे. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडाला सवय जुनी आहे. अकरा जणांत पाच फियाट, एक अ‍ॅम्बेसिडर, तीन जीप आणि दोन मारुती आठशे. त्यातल्या एका जीपने उमेदीची वर्षं काळी-पिवळी म्हणून काढली. दहा जणांच्या जागेत किती माणसं बसायची, हे तिचा मालक दर वेळी वेगळं सांगतो आणि दर वेळी आकडा वाढतो.

माझी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आमच्या अण्णांनी १९८६ साली घेतली. कापडाचं दुकान होतं. ठाण पुढच्या सीटवर आणि माणसं मागे, अशी तिची सुरुवात. पुढे गावातल्या निम्म्या नवऱ्या मुली तिच्यातून सासरी गेल्या आणि बाळंतपणाला अडलेल्या बायका रात्री-अपरात्री जामखेडला. भाडं अण्णांनी कुणाकडून घेतलं नाही, पेट्रोल मात्र घ्यायचे. व्यापारी होते ते.

तर गेल्या दिवाळीत आमच्यात ठरलं की फोनवर किती दिवस बोलायचं, एकदा सगळ्यांनी गाड्या घेऊन जमू या. जागेवर वाद झाला नाही. खर्डा सगळ्यांना मधलं पडतं, आणि भुईकोट किल्ल्याबाहेर गाड्या उभ्या करण्यापुरतं मोकळं आहे. वाद झाला तारखेवर. इतिहासाची आवड असलेल्या आमच्या एका मित्राने लगेच ११ मार्च सुचवली. ११ मार्च १७९५ म्हणजे खर्ड्याची लढाई. नाना फडणवीसांच्या शब्दावर शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे एका झेंड्याखाली आले, आणि निजामाला रात्रीच्या गोंधळात पळून आमच्या या किल्ल्यात दडावं लागलं. मराठ्यांचे एवढे सरदार पुन्हा असे एकत्र आले नाहीत. यावर जीपवाला म्हणाला, "मग त्यांनी जमवलं ते आपल्याला का जमेना? आपण तर अकराच आहोत." पण मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा, आणि त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे ऊन. बालाघाटाच्या चढाला उन्हात जुन्या फियाटचं पेट्रोल पंपातच वाफ होऊन बसतं आणि गाडी बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं टाकून रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसायचं. सगळ्या फियाटवाल्यांनी हे केलेलं आहे. शेवटी जानेवारीतला रविवार ठरला, हुरड्याच्या दिवसांतला.

नगरच्या आमच्या मित्राने आणखी एक तिढा टाकला. त्याला चारचाकीबरोबर वडिलांची लूना आणायची होती. आम्ही म्हटलं, हा मोटारींचा मेळावा आहे. तो म्हणाला, "लूना १९७२ साली निघाली ती नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यातून. तुमची फियाट कुर्ल्याची, अ‍ॅम्बेसिडर पार कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, मारुती गुडगावची. जिल्ह्याची लेक ही एकटीच, बाकी सगळ्या सुना." लूनाला आमंत्रण गेलं.

कार्यक्रम नेहमीसारखाच ठरला होता. जामखेडहून मिरवणुकीने यायचं, गाड्यांना हार, किल्ल्यापुढे फोटो, आमच्या सगळ्यांच्या गाड्या ज्यांनी कधी ना कधी उघडल्या आहेत त्या चाचांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग हुरडा. मीच हे कागदावर लिहून काढलं होतं. मास्तरकीची सवय.

आता जे सांगतो ते त्या कागदाच्या आधी घडलेलं आहे. पण त्याचा अर्थ मला कागद लिहून झाल्यावर लागला.

गेल्या वैशाखात मी आक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, जामखेडहून घेऊन येत होतो. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. वाटेत गाडी गचके खायला लागली आणि थांबली. मी नेहमीप्रमाणे फडकं ओलं करून पंपावर टाकलं. अर्धा तास गेला. सुरू होईना. आक्का म्हणाली, "अरे, वास येतोय." मी म्हटलं, जुनी गाडी आहे, येतोच. खरं म्हणजे तो वास मला आठ-दहा दिवस येत होता आणि मी त्याला गाडीचं वय म्हणून सोडून देत होतो.

चाचांना फोन लावला. चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत. गॅरेज चार वर्षांपूर्वी बंद केलं. मोटारसायकलवर एका पोराच्या मागे बसून आले. इंजिनाला हातही लावला नाही. डिपस्टिक काढली, बोटावर ऑइल घेतलं, हुंगलं आणि मला दाखवलं. ऑइल पाण्यासारखं पातळ, आणि पातळी खुणेच्या वर. जुनी गाडी ऑइल पिते, त्यामुळे पातळी खाली जायला हवी. ती वर चढली म्हणजे आत दुसरं काहीतरी उतरतंय. पेट्रोल पंपातला रबरी पडदा, डायफ्राम, फाटला होता आणि पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये झिरपत होतं. शिवाय पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला बारीक बारीक चिरा. चाचांनी नळी नुसती दुमडली तर थेंब टपकला, खाली तापलेल्या धातूच्या अगदी जवळ.

"मास्तर, सेल किती वेळा मारला?"

मी म्हटलं, असेल पंधरा-वीस वेळा.

चाचा काही बोलले नाहीत. आक्काला हात धरून खाली उतरवलं, लांब झाडाखाली बसवलं आणि तिला म्हणाले, "आक्का, तुम्ही इथं सावलीला बसा, गाडीला वेळ लागतोय." तिला अजूनही एवढंच माहीत आहे. आज रेडिओवर ऐकेल, तर ऐको.

गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. जुन्या गाड्यांत पुष्कळ भाग रबराचे असतात आणि रबराला वय असतं, हे खरंच. त्यात आता पेट्रोल बदललं आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि अशा पेट्रोलचा विचार न करता बनवलेलं जुनं रबर त्याने फुगतं किंवा चिरतं. माझी नळी अण्णांच्या काळातली होती, म्हणून सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारणार नाही. आमच्या भागातली हजारो माणसं दर हंगामात ऊसतोडीला जातात, त्याच उसापासून इथेनॉलही होतं. त्यावर पोट असलेल्या मुलखात बसून मी त्याला नावं ठेवू? पण नळी आणि डायफ्राम या पेट्रोलला टिकणारे घालावे लागतात, एवढं तरी जुन्या गाडीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा माणसं आम्ही वर्षभर फोनवर बोलत होतो, रंगाविषयी, क्रोमच्या पट्ट्यांविषयी, जुन्या रेडिओच्या बटणांविषयी. नळीविषयी एकही शब्द नाही.

दुरुस्तीच्या वेळी आणखी एक गोष्ट दिसली. डायफ्राम बदलल्यावर चाचा म्हणाले, पॉइंटपण बघून घेऊ. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ते पोस्टकार्डाच्या जाडीने जुळवायचे, आणि मग इंजिनाच्या आवाजावरून बारीक फरक करायचे. त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात थरथरत होता. दोनदा खाचेतून निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो त्या मोटारसायकलवाल्या पोराच्या हातात दिला. पोरगा स्कूटर-मोटारसायकल दुरुस्त करतो. फियाटचं बॉनेट त्याने जन्मात उघडलं नव्हतं. चाचा डोळे मिटून उभे राहिले आणि नुसतं सांगत गेले. "अजून. अजून जरा. मागं घे. बास." तासाभरात गाडी अशी चालली की अण्णांची आठवण झाली.

यंदा, २०२६ मध्ये, माझ्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. पहिली पंधरा वर्षं २००१ ला संपली, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मागच्या वेळी, २०२१ साली, फी सहाशे रुपये होती. २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. नव्या पद्धतीची नंबरप्लेट वेगळी. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, भंगारात द्या, निदान प्रमाणपत्र तरी मिळेल." त्याचं चुकतं असं नाही. जुन्या गाड्यांना मान देणारा नियमही आहे, २०२१ चा. पण त्याला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते. मग दहा वर्षांची वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आणि गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला किंवा पेट्रोल-दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणता येते. माझी अजून चाळिशीत आहे. म्हणजे दंडाला म्हातारी आणि मानाला लहान. आणि मान मिळेल तेव्हा तिच्यातून बाजाराला जायची सोय नाही!

पैशाचं मी कसंही बघितलं असतं. माझ्या मनातला प्रश्न निराळा होता. पाच वर्षांची फी भरायची, पण या पाच वर्षांत गाडी उघडणार कोण? मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांची आणि मिस्त्रींची चिंता नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली. आमच्याकडे चाचा होते. आणि चाचांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर ठरत नव्हता.

मेळाव्याचा कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, सत्कार आहे हे सांगायला. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"शाल कशाला? थंडीची घरात आहे एक."

मी म्हटलं, चाचा, सगळ्यांची इच्छा आहे.

"इच्छा असली तर पोरं आणा. प्रत्येकाने आपल्या गावचा एक मिस्त्री आणा, हात चालणारा. आणि किल्ल्यापुढं फोटो काढून काय करता? फोटोत गाडीचं पोट दिसत नाही. बॉनेट उघडं ठेवून या म्हणावं सगळ्यांना."

मला आधी थोडा रागच आला. दोन महिने राबून कार्यक्रम आखला होता. घरी येईपर्यंत राग राहिला नाही.

आता कार्यक्रम असा आहे. मिरवणूक रद्द. तशीही ती धोक्याचीच होती. जानेवारीत कारखाने चालू असतात, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला, रात्री तर त्यांना मागे दिवा असेलच असं नाही. सगळ्यांनी उजेडात यायचं आणि दिवस मावळायच्या आत परतीला लागायचं. एका रांगेत गाड्या, बॉनेट वर. चाचा खुर्चीवर. पोरं एकेका गाडीचा पंप उतरवणार, नळ्या बदलणार, पॉइंट जुळवणार, आणि चाचा कानाने तपासणार. जीपच्या डिझेल इंजिनाला पॉइंट नसतात, तेव्हा जीपवाल्यांनी हुरडा भाजायचा, असं ठरलं आहे. त्यांना ते फारसं पटलेलं नाही. ज्याच्याकडे निकामी झालेला भाग असेल त्याने तो फेकून न देता घेऊन यायचा, कारण फाटलेला डायफ्राम हातात घेऊन पाहिल्याशिवाय पोराला कळणार नाही. माझा मी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवला आहे.

नूतनीकरणाचा अर्ज मी भरला. मुलाला फोन करून सांगितलं, तो हसला आणि म्हणाला, रविवारी येतो.

मोटारसायकलवाला पोरगा सुटे भाग आणायला परवा कुर्ल्याला गेला. यादी चाचांनी सांगितली, मी लिहिली. पेट्रोलच्या नळीचं एक भेंडोळं, पॉइंटचे संच, आणि पंपाचे डायफ्राम सहा. मी म्हटलं, चाचा, फियाट पाच आहेत आपल्या.

"लिहा सहा," ते म्हणाले. "एखादी न बोलावता येईल."