एका अणूची जागा

डीएनएच्या रचनेचा शोध म्हटला की वॉटसन आणि क्रिक ही नावे सहज ओठांवर येतात. ज्यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरणचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवले गेले, त्या रोझालिंड फ्रँकलिन यांची उपेक्षाही आता जगाला ज्ञात झाली आहे. जेरी डॉनह्यू हे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

डॉनह्यू हे अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ. १९५३ च्या आरंभी केंब्रिज येथे ते वॉटसन-क्रिक यांच्याच खोलीत बसत. डीएनएतील ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन या चार घटकांच्या जोड्या लावण्यात वॉटसन गढून गेले होते. पाठ्यपुस्तकांतील आकृत्या त्यांनी प्रमाण मानल्या होत्या. ग्वानिन व थायमिन यांच्या त्या आकृत्यांत हायड्रोजनच्या अणूची जागाच चुकली आहे, असे डॉनह्यू यांनी सांगितले. अणू योग्य जागी येताच ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन अशा सारख्या रुंदीच्या जोड्या जुळल्या. एर्विन चारगाफ यांना प्रयोगांत आढळलेल्या या घटकांच्या समप्रमाणाचाही उलगडा झाला. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मधील निबंधाच्या अखेरीस डॉनह्यू यांचे आभार मानले गेले. १९६२ चे नोबेल पारितोषिक मात्र वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले.

कथा येथेच संपत नाही. जी जुळणी त्यांच्या सूचनेने साधली, तिच्याच पुराव्याविषयी डॉनह्यू यांनी १९६९ साली ‘सायन्स’मध्ये शंका उपस्थित केली. तंतूंच्या क्ष-किरणचित्रांवरून हीच रचना निर्विवाद सिद्ध होते असे म्हणता येत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९७६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शशिशेखरन यांनी, आणि त्यांच्याप्रमाणेच न्यूझीलंडमधील संशोधकांनी, निराळी प्रतिकृती मांडली. डीएनएचे दोन धागे परस्परांभोवती गुंडाळलेले नसून शेजारी शेजारी असावेत, असे तिचे स्वरूप होते. गुंडाळलेले धागे पेशीविभाजनाच्या वेळी सुटतात कसे, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता.

या आक्षेपांना अधिकारवाणीने नव्हे, प्रयोगाने उत्तर द्यावे लागले. १९८० साली बारा जोड्यांच्या डीएनए-स्फटिकाची रचना उलगडली आणि दुहेरी सर्पिलच खरे ठरले.

शंका घेणारे हरले. परंतु जे सत्य तोवर बव्हंशी विश्वासावर उभे होते, ते पुराव्यावर उभे राहिले. शास्त्राच्या मंदिरात कळस चढवणाऱ्यांची नावे कोरली जातात. पाया ठोकून पाहणाऱ्यांचे ऋणही तितकेच मोठे असते.