कातडे कच्चे विकावे की कमावून?

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिलेला विषय वरवर पाहता बाजाराचा आहे. परंतु त्याच्या पोटात आपल्या पुष्कळ घरांचा प्रपंच सामावलेला आहे. कर्ज काढून कातडे कमावण्याचा लहानसा कारखाना घालावा, असे आपल्यातील काही तरुणांच्या मनात आहे. कच्चा माल जिल्ह्याबाहेर जातो, पक्का होऊन परत येतो आणि मधला नफा परके नेतात, असे त्यांचे म्हणणे. उलटपक्षी, या धंद्याचे नावही नको असे म्हणणारी शिकलेली मुलेही आपल्याच घरांत आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून अभिमान आणि लाज या दोहोंना क्षणभर बाजूस सारून आपण केवळ हिशेब मांडू.

प्रथम कातडे कमावणे म्हणजे काय, हे स्पष्ट करून घेतले पाहिजे. जनावर मेल्यावर काही तासांतच त्याचे कातडे कुजू लागते. त्यास मीठ लावले म्हणजे आतील पाणी बाहेर निघते आणि कुजणे थांबते. परंतु ते कातडे कमावलेले नव्हे. पाण्यात टाकताच ते पुन्हा कच्चे होते. चुन्याच्या हौदात केस सोडवून, आतले मांस खरवडून, बाभळीची साल, हिरडा किंवा तरवड यांचा तुरट रस कातड्याच्या तंतूंत भिनविला, म्हणजे मग ते कुजत नाही. हेच खरे कमावणे होय. सालीने हे काम व्हावयास महिना-दीड महिना लागतो. क्रोमच्या क्षाराने तेच काम पिंपात एका दिवसाच्या आत होते. तात्पर्य, कातड्याच्या प्रवासात तीन मुक्काम आहेत: मीठ लावणे, कमावणे आणि वस्तू शिवणे. कोणत्या मुक्कामावर माल विकला असता आपल्या पदरात अधिक पडते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पहिल्या मुक्कामाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शंभर किलो ताज्या कातड्यास चाळीस ते पन्नास किलो जाडे मीठ लागते. रक्त धुऊन, कातडे सावलीत निववून, केसांची बाजू खाली करून आतल्या बाजूस मीठ चोळावे आणि खारट पाणी निथळून जाईल अशा उतारावर थप्पी रचावी. उन्हात टाकू नये. वरचा थर कडक होतो आणि आत कूज चालू राहते. एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरू नये. एवढी दक्षता घेतली की माल पुष्कळ दिवस टिकतो आणि भाव पाहून विकता येतो. जो मीठ लावीत नाही, त्यास त्याच दिवशी, येईल त्या व्यापाऱ्यास, तो म्हणेल त्या भावाने माल द्यावा लागतो. मिठाचा खर्च हा भाव ठरविण्याच्या हक्काचा खर्च आहे.

त्याच्याही आधी सोलण्याचे काम येते. सुरीचा एक घाव चुकून खोल गेला की उत्तम कातडे हलक्या प्रतीत जाते. गोचिडाचे व्रण, डागण्याचे चट्टे यांनीही तेच होते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने आपल्या जिल्ह्यातील गोधनाची मोठी हानी केली. तशा रोगाने मेलेले जनावर खोल पुरावे, त्याच्या कातड्याचा मोह धरू नये. ज्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त वाहते, त्यास फाशी रोगाचा संशय धरून सुरी लावूच नये; तो रोग माणसासही होतो व प्राण घेतो. आणखी एक गोष्ट. गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा या गावी जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना अमानुष मारहाण झाली, हे आपण विसरलेलो नाही. सबब, जनावर नैसर्गिक मरणाने मेले आहे असा ग्रामपंचायतीचा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा लेखी दाखला जवळ ठेवल्याशिवाय या कामास कोणी हात घालू नये.

आता दुसऱ्या मुक्कामाकडे, म्हणजे खऱ्या वादाकडे वळू. आपल्या आजोबांच्या काळी कातडे कमावणे निश्चित परवडत असे. वऱ्हाडात विहिरीविहिरीवर मोट चालत असे. मोटेस, तिच्या सोंडेस, वाद्यांस, आसुडास, वहाणांस सालीने कमावलेले कातडे लागे. म्हणजे कमावणारा आणि वापरणारा एकाच शिवारात राहत होते. पुढे तेलावरचे आणि विजेचे पंप आले व मोट गेली. रबर आणि प्लास्टिकच्या चपला आल्या व वहाणही मागे पडली. कमावण्याची विद्या निकृष्ट नव्हती. तिचे गिऱ्हाईक नाहीसे झाले.

त्या विद्येची कसोटी आपल्याच विदर्भात पाहिली गेली आहे. १९३४ साली गांधीजींनी 'हरिजन' पत्रात लिहिले की, देशातून दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे परदेशी जाते आणि त्यातील बरेचसे तयार वस्तूंच्या रूपाने परत येते. त्यानंतर वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचेच कातडे घ्यावयाचे आणि कातडे, हाडे, चरबी, मांसाचे खत यांतील काहीही वाया जाऊ द्यावयाचे नाही, ही तेथील दृष्टी होती. त्यातून आम्ही घेतलेला धडा असा की, एकट्या कातड्याच्या जोरावर खेड्यातील कमावण्याचा धंदा उभा राहत नाही. सर्व अंगांचा उपयोग व्हावा लागतो.

आजचा हिशेब पाहा. वीस किलोची दहा कातडी, म्हणजे दोनशे किलो माल धरा. कमावण्यास किलोमागे तीस ते चाळीस लिटर पाणी लागते. म्हणजे सहा ते आठ हजार लिटर, एक टँकरभर पाणी झाले. हाती येणारे चामडे मात्र चाळीस ते पन्नास किलो. उन्हाळ्यात जेथे पिण्यास टँकर मागवावा लागतो, तेथे हे पाणी कोठून आणावयाचे? शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूस पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मुळातच खारे; आणि पाण्यात लोह असेल तर सालीचा रंग काळवंडतो. बरे, वापरलेले पाणी सोडावयाचे कोठे? मीठ, चुना आणि क्रोम मिसळलेले ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरल्याखेरीज राहत नाही. तामिळनाडूतील वेल्लोर भागात चर्मालयांच्या पाण्याने जमिनी व विहिरी नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की, जो प्रदूषण करील त्याने भरपाईही द्यावी. तत्पूर्वी १९८७ साली गंगाकाठच्या कानपूरच्या चर्मालयांसही त्याच न्यायालयाने बजावले होते की, पाणी शुद्ध करण्याची प्राथमिक सोय करता येत नसेल तर कारखाना बंद करावा. शुद्धीकरणाचा हा खर्च हजारो कातड्यांवर वाटला गेला तरच झेपतो. रानीपेट, आंबूर, कानपूर येथील चर्मालये तो सोसू शकतात. दहा-वीस कातड्यांच्या कारखान्यास तो बुडवून टाकील.

शिवाय माल कोठला? मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हणजे गाईबैलांचे कातडे मिळावयाचे ते मेलेल्या जनावरांचेच, आणि तेही अनियमित. म्हैस, शेळी, मेंढी यांचे कातडे मिळते, परंतु त्यावर मोठ्या व्यापाऱ्यांची नजर असते. कारखान्याच्या कर्जाचा हप्ता दरमहा नियमाने येणार आणि कच्चा माल मात्र अनियमित, अशा स्थितीत कर्ज काढणे म्हणजे आपल्या हाताने आपल्या गळ्यात फास अडकविणे होय.

मग तरुणांनी स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. आमचे म्हणणे असे की, खरा नफा तिसऱ्या मुक्कामावर आहे. १९७३ साली भारत सरकारने कच्च्या कातड्याची निर्यात बंद केली, ती याच हेतूने, की वस्तू येथे तयार व्हावी आणि मजुरी येथील हातांस मिळावी. जो नियम देशास लागू, तोच घरासही लागू. कमावलेले चामडे तयार विकत आणावे आणि त्याची वहाण, बूट, पट्टा, दप्तर, पोळ्याच्या सणास बैलाच्या गळ्यात शोभणारा घुंगरांचा पट्टा शिवावा. येथे टँकरभर पाणी लागत नाही, शेजाऱ्याची विहीर नासत नाही, आणि रांपी व आरी धरणाऱ्या हाताचे मोल पुरेपूर मिळते. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. कर्ज मागावयाचेच तर शिलाई यंत्रासाठी, साच्यांसाठी आणि प्रशिक्षणासाठी मागावे.

एक सावधगिरीची सूचना. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांपुरते आहे. आपला जिल्हा त्यात नाही. म्हणून आपण शिवलेल्या चपलेवर कोल्हापुरीचा शिक्का मारू नये. तिला वऱ्हाडी वहाण म्हणावे आणि त्या नावाचा लौकिक आपल्या कामाने वाढवावा. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे तसल्याच चपला प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा त्यांचे मूळ कोठले हे जगास सांगण्यासाठी आपल्या लोकांना आवाज उठवावा लागला. नावास किंमत असते, हे यावरून समजावे.

कातडे स्वतः तयार करण्यास एक अपवाद आम्ही मानतो. पखवाज, ढोलकी, डफ यांस लागणारे शेळीचे कातडे सालीने कमवावे लागत नाही. चुन्यात केस काढून, ताणून वाळविले की काम होते. शेगावसारखे क्षेत्र आणि गावोगावची भजनी मंडळे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे या कामास गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. माल थोडा, पाणी थोडे, आणि विक्री दारात. चुन्याचे पाणी तेवढे शोषखड्ड्यात जिरवावे, ओढ्यास सोडू नये.

जी मुले हा धंदा सोडून शाळा, कचेरी वा यंत्रशाळा यांकडे वळली आहेत, त्यांस आमचा दोष नाही. धंदा जन्माने गळ्यात पडू नये, यासाठीच आपल्या वडिलांनी पोटास चिमटा घेऊन मुले शिकविली. परंतु जो धंद्यात राहील, त्याने अडाणीपणाने राहू नये. वही ठेवावी, मीठ मोजावे, पाणी मोजावे, दाखला जपावा.

सारांश इतकाच: कातडे विकावयाचे तर मीठ लावून विकावे, नाहीतर वस्तू शिवून विकावे, मधल्या मुक्कामावर घर बांधू नये. हा हिशेब कोणास चुकीचा वाटल्यास त्याने आपले आकडे घेऊन पुढील सभेत अवश्य उभे राहावे; समाजाचे त्यात हितच होईल.